चित्र तुमचे, छपाई त्यांची

वाचकांचे प्रश्न

स्वतः काढलेले चित्र किंवा अक्षरलेखन टी-शर्ट, मग, कापडी पिशवी अशा वस्तूंवर छापून विकण्याविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. मागणीनुसार छपाई, म्हणजे प्रिंट-ऑन-डिमांड, या पद्धतीत माल आधी भरून ठेवावा लागत नाही. ग्राहकाने पैसे भरल्यावरच छपाई करणारी कंपनी एक नग छापते, बांधते आणि थेट ग्राहकाच्या पत्त्यावर रवाना करते. पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. एकच गोष्ट अनेकांनी विचारली असेल तेथे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी उपयोजित कलेची पदविका घेतली आहे, पण संसारात नोकरी राहून गेली. कृष्णाकाठ, हळदीची शेते, द्राक्षबागा आणि आमच्याकडचे पक्षी यांची बरीच चित्रे माझ्याकडे आहेत. भांडवल फारसे नाही. सुरुवात कोठून करावी आणि कोणती कंपनी निवडावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, या व्यवसायात शिरण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांतला फरक आधी नीट समजून घेतला, तर पुढचा बराच गोंधळ टळतो. पहिली वाट तयार बाजारपेठेची. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २००६ साली सुरू झालेली रेडबबल किंवा अ‍ॅमेझॉनची मर्च ऑन डिमांड ही तिची उदाहरणे आहेत. तेथे तुम्ही चित्र चढवता. दुकान, ग्राहक, छपाई, पाठवणी आणि तक्रारी हे सारे ती कंपनी पाहते आणि विक्रीतला ठरलेला वाटा तुम्हाला मिळतो. रेडबबलवर हा वाटा किमतीवर टक्केवारीने ठरतो, तुम्ही काही बदल केला नाही तर तो २० टक्के धरला जातो आणि २०२३ पासून तेथील साध्या खात्यांच्या कमाईतून शुल्कही कापले जाते. मर्च ऑन डिमांडसाठी आधी अर्ज करावा लागतो आणि मंजुरीनंतरही सुरुवातीला मोजकीच चित्रे चढवता येतात.

दुसरी वाट आहे ती फक्त छपाई करून देणाऱ्या कंपनीची. प्रिंटफुल आणि प्रिंटिफाय या परदेशी कंपन्या याच प्रकारच्या आहेत. आपल्याकडे तिरुपूरची क्विकिंक आणि चेन्नईची प्रिंट्रोव्ह ही परिचित नावे आहेत. येथे दुकान तुमचे असते, किंमत तुम्ही ठरवता, ग्राहकाशी तुम्ही बोलता आणि कंपनी तुमच्याकडून कापड, छपाई व पाठवणी यांचे पैसे घेते. नफा अधिक राहतो, पण ग्राहक शोधून आणण्याचे काम पूर्णपणे तुमच्यावर येते.

तुमच्यासाठी मी दुसरी वाट सुचवेन आणि त्याचे कारण तुमच्या चित्रांतच आहे. तयार बाजारपेठेत लाखो चित्रांच्या गर्दीत कृष्णाकाठचा धनेश किंवा हळद शिजवण्याची कढई शोधत कोणी येणार नाही. मात्र सांगली-मिरजेतून पुण्या-मुंबईला किंवा बंगळूरला गेलेल्या माणसाच्या नजरेस ते चित्र पडले, तर तो ते ओळखेल आणि ते त्याला दुसरीकडे कोठेही मिळणार नाही. ज्या विषयाची खडान्‌खडा माहिती तुम्हाला आहे आणि ज्यावर जीव असलेली माणसे तुम्हाला ठाऊक आहेत, तो विषय धरा. "कॉफी आणि पुस्तके" असे कोठेही चालणारे चित्र नवख्याने करू नये, कारण तसे चित्र जगात आधीच हजारोंनी काढलेले आहे.

सगळी चित्रे एकदम दुकानात मांडू नका. सहा निवडा, एक टी-शर्ट व एक पिशवी एवढ्याच वस्तू ठेवा आणि विक्री सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचा किमान एक नमुना स्वतःच्या पैशांनी मागवा. तो उलटा करून थंड पाण्यात पाचसहा वेळा धुवा, उन्हात वाळवा आणि मगच त्याचे छायाचित्र दुकानात लावा. कंपनी संगणकावर तयार करून देते ते नमुनाचित्र दिसायला देखणे असते, पण कापडाचा पोत, गळ्याची शिवण आणि धुण्यानंतरचा रंग त्यात दिसत नाही. टी-शर्टचे कापड साधारण १८० जीएसएमचे (दर चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचे) असेल तर ते अंगावर बरे बसते. त्याहून बरेच पातळ कापड स्वस्त पडते, पण ग्राहक पुन्हा फिरकत नाही. नमुन्यांचा हा खर्च हेच तुमचे खरे भांडवल आहे आणि त्यात काटकसर करू नये.

प्रश्न : मी सुलेखन करतो. माझ्या रचनेतील शब्द टी-शर्टवर छापून आले तेव्हा जोडाक्षरे फुटली होती, एका शर्टावर वेलांटी भलत्याच बाजूला गेली होती आणि पडद्यावर झगझगीत दिसणारा मोरपंखी रंग फिका पडला होता. कंपनी म्हणते, फाईल तुमचीच तशी आहे. चूक नेमकी कोणाची? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : तुम्ही सांगता त्यातल्या बहुतेक गोष्टी फाईल नीट तयार करून टाळता येतात, म्हणून दोष कोणाचा यापेक्षा उपाय काय, ते सविस्तर सांगतो.

देवनागरी अक्षरे संगणक एकापुढे एक नुसती मांडत नाही. "क" पुढे ऱ्हस्व वेलांटी टंकली तरी ती "क"च्या आधी दाखवायची, "र्" पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार म्हणून चढवायचा, "क्" आणि "ष" मिळून "क्ष" घडवायचा, ही जुळवाजुळव प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर आणि फॉन्ट मिळून करतात. फाईलमधला मजकूर टंकलेल्या अवस्थेतच राहिला आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडली, जेथे तुमचा फॉन्ट नाही किंवा सॉफ्टवेअरला ही जुळवणी येत नाही, तर "प्रार्थना"मधला रफार भलतीकडे जातो आणि "विठ्ठल"मधील जोडाक्षर पाय मोडून उभे राहते. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर जागच्या जागी मजकूर टंकून चित्र बनवण्याची सोय असते, तीही देवनागरीसाठी बहुधा भरवशाची नसते. तिचा मोह धरू नका. इंकस्केप किंवा इलस्ट्रेटर या रेखांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रचना पूर्ण झाल्यावर अक्षरांचे रूपांतर बाह्यरेषांमध्ये करा, म्हणजे ती मजकूर न राहता आकृती होतील आणि कोठेही उघडली तरी हलणार नाहीत. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत काम करत असाल तर मजकुराच्या सेटिंगमध्ये जगातील सर्व लिप्यांसाठीची रचनापद्धती आधी निवडावी लागते. अंतिम फाईल पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी असावी आणि पाठवण्यापूर्वी ती मोठी करून एकेक अक्षर वाचून पाहावे. तुम्ही बोरूने किंवा ब्रशने कागदावर लिहीत असाल तर उत्तमच: चांगल्या स्कॅनरवर किमान ६०० डीपीआयने (दर इंचात ६०० ठिपके) स्कॅन करा, म्हणजे फॉन्टचा प्रश्नच उद्भवत नाही.

फॉन्ट वापरायचाच असेल तर त्याचा परवानाही पाहा. "एक टाइप" या संस्थेचे "मुक्त" आणि "बालू" किंवा "तिरो देवनागरी मराठी" हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून त्यांच्या साह्याने केलेली रचना व्यवसायासाठी वापरता येते. शेवटच्या फॉन्टमध्ये "ल" आणि "श" यांची आपल्या डोळ्यांना सवयीची मराठी वळणे मिळतात. कोठून तरी मिळालेला, परवान्याचा पत्ता नसलेला फॉन्ट विक्रीच्या वस्तूवर वापरू नये.

आता आकार. छातीवरची छपाई १२ इंच रुंद आणि १६ इंच उंच धरली, तर ३०० डीपीआयसाठी फाईल ३६०० गुणिले ४८०० पिक्सेलची हवी. इन्स्टाग्रामसाठी केलेले १०८० पिक्सेल रुंदीचे चित्र त्याच दर्जाने छापायचे तर ते अवघ्या साडेतीन इंचांत संपते. ते ताणून मोठे केले की कडा धूसर होतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फाईल फोटो म्हणून पाठवली तर ती आपोआप लहान होते, हेही ध्यानात ठेवा.

रंगाविषयी. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कापडावर शाई बसते, आणि झळाळता मोरपंखी, पोपटी किंवा निऑन छटांचे कित्येक रंग शाईला गाठताच येत नाहीत. काळ्या शर्टावर आणखी एक गुंता असतो. डीटीजी, म्हणजे कापडावर थेट शाई फवारणाऱ्या छपाईत, गडद कापडावर आधी पांढऱ्या शाईचा थर देतात आणि त्यावर रंग चढवतात. तुमच्या चित्रात अर्धपारदर्शक सावली किंवा विरत जाणारी कड असेल, तर तेथे रंग विरळ होतो, पण खालची पांढरी शाई डोकावत राहते आणि कडेला पांढुरके ठिपके दिसतात. म्हणून गडद कापडासाठी वेगळी फाईल करावी, कडा स्पष्ट ठेवाव्यात आणि अनुस्वार, नुक्ता, "श"ची गाठ अशा बारीक जागा थोड्या मोकळ्या व जाड कराव्यात. एक मिलिमीटरहून बारीक रेषा विणलेल्या कापडात हरवू शकते. डीटीएफ प्रकारात चित्र आधी फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवतात. तेथे रंग अधिक उठावदार येतात, पण मोठ्या भरीव चित्राखालचे कापड रबरासारखे ताठ लागते. मगवर वापरतात ते सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाई वायुरूप करून वस्तूत मुरवण्याची छपाई, खास लेप दिलेल्या पांढऱ्या मगांवर आणि पॉलिएस्टरवर चालते. सुती कापडावर ते टिकत नाही.

प्रश्न : आम्ही मित्र गडकिल्ल्यांवर भटकंती करतो. छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र, गाजलेल्या कवितांच्या ओळी आणि सिनेमातील संवाद असलेले टी-शर्ट काढायचा विचार आहे. असे शर्ट बाजारात सर्रास मिळतात, मग आम्हाला काय अडचण यावी? (दोन वाचक, पुणे)

उत्तर : बाजारात सर्रास मिळणारी वस्तू कायदेशीर असतेच असे नाही, आणि तुमच्या यादीतील तिन्ही गोष्टींबाबत अडचण आहे.

महाराजांविषयी आपल्या सर्वांच्या मनात असलेला आदर लक्षात घेऊनही हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १९५० चा बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित जवाहरलाल नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांची नावे व चित्रे नमूद आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्यांचा उपयोग व्यापार-व्यवसायासाठी करण्यास या कायद्याने मनाई आहे. जाहिरातीसाठी नसलेल्या दिनदर्शिकांपुरती सवलत दिली आहे. या कायद्याची माहिती चित्रकारांना सहसा कोणी देत नाही, म्हणून ती येथे मुद्दाम देत आहे. त्याचबरोबर, राष्ट्रध्वज वस्त्रांच्या कापडावर छापणे १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात अवमान ठरवलेले आहे आणि अशोकस्तंभाच्या राजमुद्रेसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. पंधरा ऑगस्टच्या तोंडावर तिरंगी शर्टांची मागणी वाढते. केशरी, पांढरा व हिरवा या रंगांची स्वतंत्र रचना करणे वेगळे आणि चक्रासह ध्वज छापणे वेगळे.

कवितांच्या बाबतीत काळाचा हिशोब पाहावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. तुकोबांचे अभंग आणि ज्ञानदेवांच्या ओव्या सर्वांच्या आहेत. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांच्या ओळी मुक्त आहेत, बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता २०१७ च्या आरंभापासून मुक्त झाल्या. कुसुमाग्रज मात्र १९९९ मध्ये आणि पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले. त्यांच्या साहित्यावरील हक्क अनुक्रमे २०५९ आणि २०६० च्या अखेरपर्यंत राहतील, तोवर हक्कधारकांची लेखी परवानगी हवी. आणखी एक बारकावा असा, की अभंग मुक्त असला तरी एखाद्या हयात सुलेखनकाराने तो ज्या वळणात लिहिला आहे ते वळण त्याचे आहे. ते उचलता येत नाही, शब्द तुमच्या हाताने लिहावे लागतात.

चित्रपटांबाबत तर जपूनच राहावे. प्रसंगचित्रे आणि पोस्टर यांवर निर्मात्याचा हक्क असतो, नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद असू शकते आणि कलावंताच्या चेहऱ्याचा व नावाचा व्यापारी वापर हा वेगळा प्रश्न उभा राहतो. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेते अनिल कपूर यांचे नाव, प्रतिमा व आवाज यांच्या परवानगीविना व्यापारी वापराला अंतरिम मनाई केली. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांना तसेच संरक्षण दिले. छपाई कंपनीशी तुम्ही केलेल्या करारात बहुधा असे कलम असते, की चित्राच्या हक्कांची सर्व जबाबदारी चित्र चढवणाऱ्यावर आहे. नोटीस आली तर ती तुम्हाला येईल आणि दुकानाचे खातेही बंद होऊ शकेल.

मग काढायचे काय? तुमच्याजवळ तर विषयाची खाण आहे. जुलै २०२५ मध्ये "मराठा लष्करी भूदृश्ये" या नावाने १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत आणि जिंजी तमिळनाडूत. राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी, रायगडाचा महादरवाजा, सिंधुदुर्गाचा समुद्रात वळत गेलेला तट, साल्हेरच्या कातळातल्या पायऱ्या: या वास्तू कोणाच्याही मालकीच्या चित्रात अडकलेल्या नाहीत. तुम्ही स्वतः तेथे गेला आहात, स्वतः छायाचित्रे काढली आहेत. त्यांवरून रेखाटन करा. माची कोणत्या अंगाने पाहिली म्हणजे ओळखू येते, हे ट्रेकरलाच कळते आणि ते चित्र घेणारा ट्रेकरही ते क्षणात ओळखतो. युनेस्कोचे बोधचिन्ह मात्र शर्टावर टाकू नका.

प्रश्न : मी पालघर जिल्ह्यातील वारली समाजाची असून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आईकडून शिकलेली चित्रे मी पिशव्यांवर छापून विकू शकते का? शहरातले लोक आमची चित्रे इंटरनेटवरून घेऊन विकतात, त्याला काही आडकाठी आहे का?

उत्तर : आधी नोकरीविषयी. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियम लागू असतात आणि पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही. कलाकृती काढणे आणि दुकान चालवणे यांत नियम फरक करू शकतात, म्हणून दुकान सुरू करण्यापूर्वी रीतसर अर्ज करून लेखी उत्तर घ्या.

चित्रांबाबत तुमची बाजू बळकट आहे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक, म्हणजे मूळ प्रदेशाशी जोडलेल्या नावाची कायदेशीर नोंद, मिळाला आहे. या नोंदणीखाली "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नाव नोंदवता येते आणि मग आपल्या मालावर ते नाव व चिन्ह हक्काने लावता येते. ही नोंद तुम्ही अवश्य करून घ्या. पिशवीच्या टॅगवर ती दिसली की ग्राहकाला खरे-खोटे कळते. इतरांच्या बाबतीत आडकाठी दोन प्रकारची आहे. नोंदणी नसताना आपला माल "वारली चित्रकला" म्हणून विकणे आक्षेपार्ह ठरू शकते आणि तुम्ही काढलेले विशिष्ट चित्र उचलणे हा तर थेट कॉपीराइटचा भंग आहे. कॉपीराइट चित्र काढताक्षणी तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तरीही मूळ कागद तारखेसह जपून ठेवा, इंटरनेटवर चित्र लहान आकारातच टाका आणि चोरी आढळल्यास त्या बाजारपेठेच्या तक्रार-नोंदणीत मूळ चित्राच्या पुराव्यासह लेखी तक्रार करा. महत्त्वाच्या दोन-तीन चित्रांची नोंदणी करावीशी वाटली तर वस्तूंवर वापरायच्या कलाकृतीसाठी प्रत्येकी २००० रुपये शुल्क आहे.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर, वारली समाजाबाहेरच्या चित्रकारांनी या आकृत्यांचा सोपा साचा करून शर्ट विकणे थांबवावे. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकारांनी जगभर नेलेल्या या कलेचा मोबदला त्या पाड्यांवर पोहोचला पाहिजे.

प्रश्न : माझे टी-शर्ट ५९९ रुपयांना ठेवले आहेत. घरचे म्हणतात ३४९ ला द्या, भरपूर खपतील. विक्री होते आहे, पण हातात पैसा उरत नाही. असे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : तुमचे आकडे पत्रात नाहीत, म्हणून नमुन्यादाखल काही धरून चालू. समजा, कापड आणि छपाई मिळून २९० रुपये, पाठवणी ७० रुपये आणि पैसे स्वीकारण्याचे शुल्क २ टक्के, म्हणजे १२ रुपये. २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर सध्या ५ टक्के जीएसटी आहे. ५९९ मधून तो वेगळा काढला की साधारण ५७० उरतात. त्यांतून ३७२ वजा जाता एका शर्टामागे १९८ रुपये दिसतात. खर्चावर भरलेल्या कराची वजावट नोंदणीमुळे मिळते असे येथे गृहीत आहे.

हे १९८ रुपये खरे नाहीत, कारण यात परत फिरलेले पार्सल धरलेले नाही. माल हाती आल्यावर पैसे, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी, ठेवली की काही ग्राहक दार उघडत नाहीत किंवा फोन उचलत नाहीत. दहापैकी दोन शर्ट परत आले असे धरा. त्या प्रत्येकावर कापड-छपाईचे २९०, जाण्याचे ७० आणि येण्याचे ७० असे ४३० रुपये बुडतात, दोहोंचे ८६०. उरलेल्या आठांवर मिळाले १५८४. वजाबाकीनंतर राहतात ७२४, म्हणजे दहा मागण्यांवर प्रत्येकी जेमतेम ७२ रुपये. इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर मागणीमागे शंभर रुपये गेले, तर तुम्ही खिशातून भर घालत आहात. ३४९ ला विकायचे म्हटले तर कर वेगळा काढल्यावर ३३२ उरतात आणि खर्चच त्याहून जास्त आहे. तेथे जितका खप, तितका तोटा.

माझा सल्ला असा, की कॅश ऑन डिलिव्हरी पूर्ण बंद करा. मागण्या कमी होतील, हे मान्य. पण आगाऊ पैसे भरणारा ग्राहक घेतो ते त्याला हवे असते म्हणून घेतो. ते जमत नसेल तर निदान पाठवणीचे पैसे आगाऊ घ्या आणि पार्सल निघण्यापूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता पक्का करा. ग्राहकाचे नाव छापलेली वस्तू तर आगाऊ पूर्ण पैसे घेतल्याशिवाय छापूच नये, कारण ती दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. मापाच्या तक्त्यात छाती आणि लांबी इंचांत द्या. माप चुकल्याने परत येणारे शर्ट यामुळे बरेच कमी होतात. आणि किंमत कमी करण्याऐवजी, शक्य असेल तर एकाच पाठवणीत दोन वस्तू जातील अशी जोडी ठेवा: शर्टाबरोबर त्याच चित्राची पिशवी घेतली की पाठवणीचा खर्च वाटला जातो.

प्रश्न : मी मडगावहून मराठी आणि कोकणी ओळींचे शर्ट स्वतःच्या संकेतस्थळावर विकते. उलाढाल अगदी थोडी आहे. जीएसटी नोंदणी लागेल का?

उत्तर : तुमचे ग्राहक मुंबई-पुण्यात असतील तर लागेल. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे, पण करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यातील ग्राहकाला विकली की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होते. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारपेठांवर विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना जी सवलत मिळाली, तीही राज्यांतर्गत विक्रीपुरतीच आहे.

परदेशी बाजारपेठेवर चित्र देऊन वाटा घेणाऱ्यांचे तसे नाही. तेथे तुम्ही वस्तू विकत नाही, तर चित्र वापरण्याचा हक्क देता. ती सेवा गणली जाते आणि तिची मर्यादा २० लाखांची आहे. अमेरिकन कंपनी असल्यास डब्ल्यू-८बेन हा, तुम्ही अमेरिकेबाहेरचे करदाते असल्याचे सांगणारा फॉर्म नीट भरा. भारत-अमेरिका करारामुळे अशा मानधनावर तेथे ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जातो आणि त्याची वजावट येथील विवरणपत्रात मागता येते. मात्र पहिल्या वर्षी तरी तुमचे कागद चार्टर्ड अकाउंटंटकडून तपासून घ्या.

प्रश्न : न्यू जर्सीतील एका मराठी मंडळाने माझे गणपतीचे रेखाटन पाहून गणेशोत्सवासाठी २०० टी-शर्ट मागितले आहेत. येथून छापून पाठवू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नको. एकाच चित्राचे २०० नग हवे असतील तर मागणीनुसार छपाईचा काही उपयोग नाही. तेथे जुनी स्क्रीन प्रिंटिंगच स्वस्त पडते आणि धुण्यातही अधिक टिकते. शिवाय ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर अमेरिकेत जी शुल्कमाफी होती ती २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे येथून पाठवलेल्या मालावर तेथे शुल्क आणि विलंब दोन्ही येतील. मंडळाने तेथीलच स्क्रीन प्रिंटरकडून शर्ट छापून घ्यावेत आणि तुम्ही त्यांना फक्त फाईल व ती वापरण्याचा परवाना द्यावा.

परवाना लेखी असावा. त्यात किती नग, कोणते वर्ष, मानधन किती आणि शर्टावर तुमचे नाव कोठे येईल, हे लिहा. मुदत आणि प्रदेश यांची नोंद विसरू नका: आपल्या कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर परवाना भारतापुरता मानला जातो, म्हणजे ज्या कामासाठी तो दिला तेच त्यात बसणार नाही. "न्यू जर्सी, अमेरिका, केवळ या वर्षीचा गणेशोत्सव, कमाल २०० नग" एवढी एक ओळ पुरेशी आहे. मानधन आधी घ्या, पूर्ण आकाराची फाईल नंतर पाठवा. उत्सवानंतर एखाद-दुसऱ्याने शर्ट हवा म्हटले, तर त्या सुट्या मागण्यांसाठी मात्र अमेरिकेत छापणाऱ्या प्रिंटफुल किंवा प्रिंटिफायसारख्या कंपनीकडे त्याच चित्राचे वेगळे पान उघडून ठेवता येईल.